घरचे आणि विकतचे

दिवाळीच्या दहा-पंधरा दिवस आधी सुशिक्षित घरांतून एक वाद हटकून उपस्थित होतो. बहिणीस, भाच्यांस, नव्या जावयास, परगावी राहणाऱ्या आईबापांस जे काही द्यावयाचे ते घरी करून द्यावे की बाजारातून आणून द्यावे, असा तो वाद. वरवर पाहता हा प्रश्न घरखर्चाचा व सवडीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटात एक नीतिविषयक मत दडलेले असते, आणि ते हल्ली इतके सर्वमान्य झाले आहे की त्याची परीक्षा करण्याची कोणास गरजच वाटत नाही. हाताने केलेली वस्तू तेवढी प्रेमाची आणि पैसे टाकून आणलेली ती केवळ व्यवहाराची, हे ते मत होय. लेखांतून, कथांतून आणि शाळेतील निबंधांतून ते इतक्या वेळा मांडले गेले आहे की विकतची भेट देणारा मनुष्य आज किंचित ओशाळूनच ती पुढे करतो. या मताची थोडी चिकित्सा करावी, ते जेथे खरे आहे तेथे मान्य करावे आणि जेथे त्याने अन्याय होतो तेथे तसे स्पष्ट म्हणावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या मताचा इंग्रजी वाङ्मयातील सर्वांत समर्थ वकील म्हणजे अमेरिकन निबंधकार एमर्सन. 1844 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधसंग्रहात भेटींविषयी एक छोटा निबंध आहे. भेटीत देणाऱ्याच्या जीवनाचा अंश उतरला पाहिजे, ज्याचा जो व्यवसाय त्यातूनच त्याची भेट निपजली पाहिजे, आणि दुकानातून आणलेला दागिना ही भेटीची केवळ सबब आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. विचार उदात्त आहे यात शंका नाही. परंतु तो ज्या समाजास उद्देशून मांडला आहे त्यात कवी, मेंढपाळ, शेतकरी, चित्रकार अशी माणसे आहेत. कचेरीत हिशेब तपासणारा, बँकेत नोटा मोजणारा किंवा वर्गात व्याकरण शिकविणारा मनुष्य त्यात नाही. शेतकऱ्याने नव्या तांदळाची पाटी बहिणीकडे पाठविली तर ती खरोखरच गोड लागेल. पण हाच नियम प्राध्यापकास लावला तर त्याने भाऊबीजेस बहिणीसमोर व्याख्यान द्यावयास हवे, आणि अशी ओवाळणी कोणत्याही बहिणीस रुचेल असे आम्हांस वाटत नाही. ज्याचे श्रम वेतनाच्या रूपाने परत येतात त्याच्या जीवनाचा अंश त्या वेतनातच असतो. महिनाभर राबून मिळविलेल्या पैशातून घेतलेले लुगडे हे देणाऱ्याचे नव्हे, दुकानदाराचे, असे म्हणणे म्हणजे नोकरदाराच्या घामाला घाम न मानणे होय.

तथापि या मताच्या बाजूने जे बोलण्यासारखे आहे ते आमच्या घरांतच भरपूर सापडते. कोल्हापूरकडे जिला वाकळ म्हणतात ती गोधडी घ्या. घरातील जुनी लुगडी, धोतरे एकावर एक पसरून, कडेपासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी घालीत आजी ती शिवते. नातवाच्या अंगावर पडते ती नुसती ऊब नव्हे. त्या थरांत आईचे बाळपणीचे परकर असतात, आजोबांचे धोतर असते. अशी वस्तू कोणत्याही पेठेत मिळणार नाही. ती दुकानात मांडली तर त्याच क्षणी ती वेगळी वस्तू होईल. बाळंतविड्याचे तसेच. झबली, टोपडी, दुपटी, कुंची ही सारी लेकीच्या बाळंतपणाची वाट पाहत आईने शिवावयाची, आणि त्या वाट पाहण्याचाच तो एक प्रकार असावयाचा. संक्रांतीच्या हलव्याविषयी काय सांगावे! मंद शेगडीवर परातीत तीळ किंवा खसखस घ्यावयाची, तिच्यावर साखरेचा पातळ पाक थेंबाथेंबाने सोडावयाचा आणि बोटांनी हलवीत राहावयाचे. असे अनेक दिवस बसावे तेव्हा दाण्यास काटा येतो. मग त्या दाण्यांचे दागिने करून नव्या सुनेस किंवा पहिल्या बोरन्हाणाच्या बाळास घालावयाचे. या वस्तूंत करणे हेच देणे आहे. ज्याच्यासाठी ती केली त्याचा विचार प्रत्येक टाक्यात आणि प्रत्येक थेंबात करावाच लागतो. घरच्या वस्तूचे श्रेष्ठत्व आम्ही मान्य करतो ते याच कारणासाठी. ती घरी झाली एवढ्याच कारणासाठी नव्हे.

आता दुसरी बाजू. मराठी वाङ्मयात भावाबहिणींच्या प्रेमाचा सर्वांत मोठा साठा जात्यावरच्या ओव्यांत आहे. साने गुरुजींनी त्या जमविल्या, पुढे हेमा राईरकर व गी पॉयटवँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या नोंदविल्या. या अपार भांडारात बहीण भावाकडून काय अपेक्षिते? तिचा भाऊ स्वतः विणीत नाही, शिवीत नाही. तो पेठेत जातो, कापडवाल्याच्या दुकानी बसतो, खण निरखतो, घासाघीस करतो, शिंप्याकडून चोळी शिवून घेतो. ही सारी खरेदीच आहे; आणि तरीही त्या ओव्यांतील प्रेम कोणी व्यवहारी म्हणेल तर त्यास काव्य कळत नाही असेच म्हणावे लागेल. बहिणीस चोळीचे मोल वाटते ते भाऊ तिच्यासाठी पेठेत बसला, तिला कोणता रंग शोभतो हे त्यास आठवले आणि ती चोळी घेऊन तो तिच्या दारी आला म्हणून. ज्या स्त्रिया पहाटे उठून स्वतःच्या हातांनी दळीत होत्या, ज्यांना हाताने काम करण्याची नवलाई मुळीच नव्हती, त्यांनी विकतच्या चोळीवर इतकी गाणी रचावी, ही गोष्ट एमर्सनच्या सिद्धांतास सहज उत्तर देऊन जाते.

कथावाङ्मयातही हेच दिसून येते. ओ. हेन्री याची 1905 सालची नाताळच्या भेटींची कथा महाविद्यालयात शिकलेल्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. पत्नी आपले केस विकून पतीच्या घड्याळासाठी साखळी घेते. पती तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी फण्या घेतो. दोन्ही भेटी विकतच्या आहेत, दोन्ही आता निरुपयोगी आहेत, आणि तरीही त्याहून मोठी भेट कोणी कोणास दिली असेल असे वाटत नाही. आमच्याकडे साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1935 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात यास तोडीस तोड प्रसंग आहेत. श्यामची आई दिवाळीत आपल्या ओवाळणीच्या पैशांतून स्वतःस काही न घेता पतीचे धोतर फाटले आहे हे पाहून त्यांच्यासाठी धोतर आणविते. पुढे श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. धोतर विकतचे, कोट शिंप्याचा. पण त्याच पुस्तकात पत्रावळ लावावयास शिकण्याचा कंटाळा करणाऱ्या श्यामला आई जो धडा देते तोही लक्षात ठेविला पाहिजे. ज्या पुस्तकास महाराष्ट्राने मातृप्रेमाचा आदर्श मानिले, त्यात विकतच्या भेटीचा गौरव आणि हाताच्या कामाचा आग्रह एकत्र नांदतात, आणि दोहोंत विरोध आहे असे लेखकास कोठेही वाटलेले नाही. हाताचे काम हे मुलाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे, भेटीची किंमत वाढविण्याची युक्ती म्हणून नव्हे.

विकतच्या भेटींवर अर्थशास्त्राच्या बाजूनेही हल्ला झाला आहे. वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली एक निबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांस नाताळात मिळालेल्या भेटींस ते स्वतः किती किंमत देतील हे विचारून त्याने असा निष्कर्ष काढिला की भेटींवर खर्चलेल्या पैशांपैकी एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत भाग फुकट जातो. कारण घेणाऱ्यास ती वस्तू तितक्या मोलाची वाटत नाही. गणित चोख आहे. परंतु किंमत सांगताना त्या वस्तूमागील भावना वगळावी, अशी अट त्यात घातलेली होती. ओवाळणीतून भावना वजा केल्यावर उरते ते कमीच भरणार. त्यासाठी गणित कशास हवे? याहून खोल विचार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोस याने 1925 साली मांडिला. देणे, घेणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने आहेत आणि त्या बंधनांनीच समाज बांधला जातो, असे त्याचे प्रतिपादन. ज्या घरात लग्नातील आहेराची यादी जपून ठेवितात, आणि पुढे त्यांच्याकडील कार्यास जाताना ती काढून पाहतात, त्या घरास हे तत्त्व समजावून सांगावयास नको. विकतच्या वस्तूचा दोष येथे खरा दिसतो: तिची किंमत यादीत मांडता येते आणि मग तिच्या तोलाची परतफेड करावी लागते. वाकळीची किंमत कोणत्या रकान्यात घालणार? घरच्या वस्तूने हिशेब थांबतो, हा तिचा एक मोठा गुण आम्ही मानतो.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तिकडे वळतो. ‘घरी करून द्यावे’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा करणार कोण, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. भाऊबीजेचाच विधी पाहा. बहीण आपल्या हातचा फराळ भावापुढे ठेविते आणि भाऊ विकतची वस्तू किंवा रोख रक्कम तिच्या ताटात घालतो. म्हणजे एकाच पाटावर केलेले आणि विकत घेतलेले यांची देवघेव होते, आणि करण्याचा वाटा परंपरेने एकाच बाजूस आलेला आहे. पुरुषाच्या हाती पैसा आणि स्त्रीच्या हाती झारा, अशी विभागणी होती तोवर यात निदान एक प्रकारचा समतोल होता. आज स्त्रीही कचेरीत जाते, शाळेत शिकविते, रुग्णालयात रात्रपाळी करते. तरीही भाजणी भाजावयाची ती तिने, अनारशांसाठी तीन दिवस तांदूळ भिजत घालावयाचे ते तिने, करंज्यांना मुरड घालीत मध्यरात्रीपर्यंत बसावयाचे ते तिने. मग नणंदेच्या घरी, दिरांच्या मित्रांकडे, पतीच्या वरिष्ठांकडे डबे जातात आणि घराचे नाव होते. विकतची चकली आणली असती तर ‘आमच्याकडे घरचेच असते’ हे वाक्य उच्चारण्याची सोय राहिली नसती, आणि ते वाक्य उच्चारणारा बहुधा चकलीच्या सोऱ्यास हात न लाविलेला असतो. यास आमच्या भाषेत हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात. घरच्या वस्तूचे कौतुक करणारे लेख पुष्कळ झाले. त्या वस्तूमागील जागरणे कोणाच्या वाट्यास येतात, याचा हिशेब त्यांत क्वचितच असतो. ज्या भेटीने देणाऱ्यास लौकिक आणि दुसऱ्यास शीण मिळतो ती घरची असली तरी देणाऱ्याची नव्हे.

ज्या विकतच्या वस्तूस आपण निर्जीव म्हणतो ती तरी कोणाच्या हातची नसते काय? आम्ही राहतो ते गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील गाव या प्रश्नाचा विचार करण्यास मोठे सोयीचे आहे. शेजारीच गांधीनगरची कापडपेठ आहे. वळिवड्याच्या ज्या भूमीवर 1943 पासून 1948 पर्यंत युद्धाने देशोधडीस लागलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित छावणी करून राहिले, तेथेच पुढे फाळणीने घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी दुकाने मांडिली. आज दिवाळीपूर्वी तेथे पाय ठेवावयास जागा नसते. बाजार म्हणजे हृदयशून्य वस्तू असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे की तो ज्यांनी उभा केला त्यांची चूल त्या विक्रीवरच पेटली. दुसऱ्या बाजूस चांदीच्या कामासाठी नावाजलेली हुपरी आहे; तेथील पैंजण घराघरांतून, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात तयार होते. आणि खुद्द कोल्हापूरची चप्पल! बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कातडे, कातड्याच्याच वादीची शिवण, आणि बहुधा घरातील स्त्रियांच्या हातांनी गुंफलेली वेणी. या चपलेस 2019 साली महाराष्ट्र व कर्नाटकातील चार-चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. 2025 साली इटलीतील एका बड्या कंपनीने तशाच घाटाची पादत्राणे मूळ कारागिरांचे नाव न घेता मंचावर आणिली तेव्हा महाराष्ट्रात केवढा संताप उसळला होता! परंतु तो संताप व्यक्त करणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या दिवाळीत वडिलांसाठी कारागिराकडून चपलेचा जोड घेतला असेल? कारागिरास अभिनंदनाची नव्हे, गिऱ्हाइकाची गरज असते. बचतगटाच्या बायकांनी तळलेली चकली विकत घेणे हेही तसेच. ती कोणाच्या तरी हातचीच असते. फरक इतकाच की येथे त्या हातांना मोबदला मिळतो.

भेटीचे मोल ठरविणारी आणखी एक बाजू घेणाऱ्याची आहे. 1942 साली इंदिरा नेहरूंच्या विवाहात त्यांनी नेसलेली खादीची साडी पंडित नेहरूंनी तुरुंगात स्वतः कातलेल्या सुताची होती. पित्याच्या एकांतातील तासांचे ते वस्त्र, आणि नेसणारीला त्यातील प्रत्येक धागा कोठे कातला गेला हे ठाऊक. घरच्या भेटीचे याहून सुंदर उदाहरण आम्हांस माहीत नाही. याउलट 1947 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्येच्या विवाहानिमित्त गांधीजींनी आपल्या हातच्या सुताचे विणलेले एक वस्त्र पाठविले, तेव्हा राजघराण्यातील वृद्ध राणी मेरी हिने ते पंचा समजून नाक मुरडले, असे सांगतात. सूत दोन्हीकडे हातचे. एकीकडे ते वाचावयास घेणारी समर्थ होती, दुसरीकडे पाहणारीस ती लिपीच अवगत नव्हती. दोष सुताचा नव्हे, हे उघड आहे. पण धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे, तसेच आपली भेट घेणाऱ्यास वाचता येईल काय, याचा विचार देणाऱ्याने करावा. ज्या भाच्यास गणिताच्या पुस्तकाची नड आहे त्यास आपण रंगविलेली पणती देऊन त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे हा हस्तकौशल्याचा दुरभिमान आहे.

एतावता विकतच्या भेटी सर्व निर्दोष आहेत असे मात्र कोणी समजू नये. खरा दोष ज्यात आहे ती भेट आम्ही चांगली ओळखतो. सुक्या मेव्याचा जो डबा एका घरातून दुसऱ्या घरी, तेथून तिसऱ्या घरी, वेष्टणही न सुटता प्रवास करीत भाऊबीजेपर्यंत कधी कधी मूळ दात्याच्याच दारी येतो, तो या जातीचा होय. मोबाइलवर बोट ठेवून मागविलेली आणि परस्पर बहिणीच्या पत्त्यावर घरपोच झालेली वस्तू, जी पाठविणाऱ्याने डोळ्यांनीही पाहिली नाही, तीही कित्येकदा याच जातीची असते. परंतु येथेही पैसा हा अपराधी नाही. वेष्टण सुटले नाही, कारण आतील वस्तू कोणासाठी आहे हा विचारच कोणी केला नव्हता. असाच विचारशून्य डबा घरच्या फराळाचाही असू शकतो: पन्नास घरांसाठी पन्नास सारखे डबे, आणि ज्या घरी मधुमेहाचे पथ्य आहे तेथेही तेच लाडू. न पाहता दिलेले घरचे आणि न पाहता दिलेले विकतचे यांत निवड करावयाची वेळ आली तर आम्ही म्हणू की दोन्ही न दिलेले बरे.

तेव्हा निर्णय कसा करावा? आमच्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत. पहिला, ही वस्तू करण्यात घेणाऱ्याचा विचार आपोआप गुंफला जातो काय? वाकळ, बाळंतविडा, हलव्याचे दागिने, अक्षरओळख नसलेल्या आजीसाठी स्वतःच्या आवाजात वाचून ध्वनिमुद्रित केलेली पोथी, यांत तो गुंफला जातो. अशा गोष्टी घरीच कराव्या आणि त्यांसाठी आधीपासून वेळ काढावा. दुसरा, करणारे हात कोणाचे? देणाऱ्याचेच असतील तर प्रश्न नाही. ते दुसऱ्याचे असतील तर एक तर देणाऱ्याने त्यांच्या शेजारी पाट मांडून बसावे, नाहीतर सरळ बाजार गाठावा आणि जे हात राबले त्यांस दाम मोजावे. सोऱ्या फिरविण्यास पुरुषाचे मनगट नालायक ठरते असे पाकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. तिसरा, घेणाऱ्यास कशाची नड आहे? आईचा चष्मा जुना झाला असेल तर तो नवा करून देणे हीच तिची दिवाळी. तेथे कागदी फुलांची परडी घेऊन जाणे म्हणजे आपल्या हौसेस तिच्या डोळ्यांहून अधिक मान देणे होय.

या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक घरात निरनिराळी येतील आणि तशीच ती यावी. एका घरी सून फराळ विकत आणील आणि वाचलेल्या दोन रात्री सासूच्या शेजारी बसून बाळासाठी दुपटे शिवील. दुसऱ्या घरी भाऊ बहिणीस पैसे न घालता प्रथमच स्वतः वळलेले, कदाचित थोडे फुटलेले, लाडू घेऊन जाईल. तिसऱ्या घरी ऐपत नसल्याने केवळ फूल ना फुलाची पाकळी दिली जाईल. यांपैकी कोणासही कोणापुढे ओशाळण्याचे कारण नाही. ओशाळावे ते ज्याने घरचे म्हणून मिरविले आणि घरात राबणाऱ्या हातांकडे पाहिले नाही त्याने. येत्या दिवाळीस ‘घरचे की विकतचे’ हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांत निघेल तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसलेल्यांनी एकट्यांनी सोडवू नये. आत जी उभी असेल तिचे मत आधी विचारावे, एवढीच आमची सूचना आहे.